तोरण्याची उंची, पावसाची बाटली आणि नववीचे वर्ष

दहावीला बोर्डाची परीक्षा असते, म्हणून तिकडे सगळ्या गावाचे लक्ष. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा मुलांच्या पाठीशी उभा असतो. मधली नववी मात्र कुणाचीच नसते. कित्येक शाळांत दिवाळीनंतर दहावीची पुस्तके काढली जातात आणि नववीचे उरलेले धडे 'वाचून या' म्हणून सोडून दिले जातात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या डोक्याने विचार करायची सवय लागायची असेल, तर ती याच वर्षात लागते. बोर्डाचा धाक अजून मानगुटीवर बसलेला नसतो आणि समज तर पुरेशी आलेली असते. गेल्या वर्षी मी नववीची वर्गशिक्षक होते. त्या वर्षाबद्दल लिहायचे आहे.

पुणे-सातारा महामार्ग चेलाडी फाट्यावर सोडला की नसरापूरवरून एक रस्ता वेल्ह्याकडे जातो. नसरापूर भोर तालुक्यात आणि पुढची मार्गासनी, विंझर ही गावे वेल्ह्यात. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण एसटीत लोक अजून वेल्ह्याचेच तिकीट मागतात. या रस्त्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. शिक्षक कमी असल्यामुळे भूगोलही माझ्याकडेच आहे. मुले दोन्ही तालुक्यांतून येतात. कुणी नसरापूरच्या बाजूने बसने, कुणी डोंगराच्या कुशीतल्या वाडीवरून तासभर चालत. ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि तो नसता तर माझ्या वर्गातल्या काही मुली सातवीनंतर घरीच बसल्या असत्या, हे मी खात्रीने सांगते.

या मुलांना खोऱ्यातले पुष्कळ ठाऊक असते. कोणत्या ओढ्याला आधी पाणी येते, कोणत्या खाचरात पाणी ठरत नाही, आभाळ कोणत्या बाजूने भरून आले की भाताची आवणी, म्हणजे लावणी, थांबवायची, हे सगळे त्यांना कुणी न शिकवता येते. पण वर्गात हात वर करायची वेळ आली की तीच मुले खाली बघतात. आपल्याला ठाऊक असलेले म्हणजे अभ्यास नव्हे, असे त्यांच्या मनात पहिलीपासून कुठेतरी बसलेले असते. शाळेने त्यांना द्यायच्या गोष्टी माझ्या मते दोनच आहेत. जे ठाऊक आहे ते मोजायला शिकवायचे आणि जे मोजले ते नीट वाक्यांत मांडायला शिकवायचे. गेल्या वर्षी मराठीच्या मॅडम, इतिहासाचे सर आणि मी असे तिघांनी मिळून जूनमध्येच ठरवले, की सगळ्या विषयांत हे दोन धागे धरून चालायचे.

सुरुवात पावसाने केली. नववीच्या भूगोलात पहिलाच पाठ वितरणाच्या नकाशांचा आहे आणि पुढे वृष्टीचा पाठ येतो. आम्ही दोन्ही एकत्र घेतले. प्रत्येकाने घरी प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक करायचा. बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा बसवायचा, तळाशी खडे घालून खडे बुडेपर्यंत पाणी भरायचे, तिथे शून्याची खूण करायची आणि वर पट्टी चिकटवायची. बाटली सरळ भिंतींची हवी, मध्ये बारीक आणि खाली फुगीर असलेली चालत नाही. ती का चालत नाही, यावरच आमचा एक तास गेला आणि तो घनफळाचा उत्तम तास झाला. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते. आमच्या वाड्यांवरची मुले त्या वेळी शाळेच्या वाटेला लागलेली असतात, म्हणून सगळ्यांनी सकाळी सातला नोंद करायची असे ठरले. वेळ कोणतीही असो, ती सगळ्यांची एकच हवी, ही अट मुलांनीच घातली.

जून संपता संपता वहीत गमती दिसू लागल्या. डोंगराकडच्या वाडीवरची बाटली एका रात्रीत काठोकाठ भरायची, तेव्हा नसरापूरच्या बाजूची बोटभरही भरलेली नसायची. जुलैअखेर बेरजा केल्या तेव्हा वरच्या गावांचा आकडा खालच्या गावांच्या दुपटीहून बराच जास्त निघाला. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पुढे पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो, हे पुस्तकातले वाक्य मुलांनी पाठ केलेलेच होते. पण कोऱ्या नकाशावर आपापल्या गावाचा आकडा लिहून, सारख्या आकड्यांमधून रेषा ओढून जेव्हा समघनी नकाशा तयार झाला, तेव्हा वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्या रेषा डोंगराच्या रेषेसारख्याच चाललेत की." हे वाक्य पुस्तकात नव्हते, ते त्याने स्वतः पाहिले होते.

एका जोडीने मात्र सगळ्यांना बुचकळ्यात टाकले. एकाच वाडीतल्या दोन घरांच्या नोंदींत रोज फरक यायचा. कुणीतरी खोटे आकडे लिहिते, अशी कुजबुज सुरू झाली. दोघींना आपापल्या अंगणाचा आराखडा काढून आणायला सांगितला. एकीची बाटली पन्हाळीच्या जवळ होती आणि पत्र्यावरचे पाणी उडून तिच्यात पडत होते. खोटे कुणीच लिहिले नव्हते. आकडा चुकीचा येतो तेव्हा माणसावर संशय घेण्याआधी साधन तपासायचे असते, हे नववीच्या मुलांना समजले, तर विज्ञानाचे निम्मे काम झाले असे मी मानते.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे गणित मुलांना फार आवडले. शाळेचा पत्रा त्यांनी टेपने मोजला. ३० मीटर लांब, ८ मीटर रुंद, म्हणजे २४० चौरस मीटर. हंगामात १,५०० मिलिमीटर पाऊस धरला तर ३ लाख ६० हजार लिटर पाणी त्या एका छपरावरून वाहून जाते. आणि मे महिन्यात याच खोऱ्यातल्या काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. नववीला जलसुरक्षा नावाचा श्रेणीचा विषय आहे. पुष्कळ ठिकाणी त्याची वही शेवटच्या आठवड्यात एकमेकांची बघून भरली जाते. आमच्याकडे ती वही या एका गुणाकाराने सुरू झाली आणि मुलांनी ती पूर्ण मनापासून भरली.

जुलैत वर्ग निम्मा रिकामा होतो. आवणीचे दिवस असतात. भाताची रोपे तयार झालेली असतात, चिखलणी उरकलेली असते आणि घरातल्या प्रत्येक हाताची गरज असते. गैरहजेरीबद्दल दरवर्षी बोलणी होतात, पालकांना निरोप जातात, उपयोग काही होत नाही, आणि होऊही नये असे मला वाटते. भात हेच या खोऱ्याचे वर्षभराचे पोट आहे. आम्ही मुलांना शेतावरचे काम दिले. पट्टी घेऊन दोन चुडांमधले, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांमधले, अंतर मोजा, एका चुडात किती रोपे लावतात ते पाहा, आणि एक मीटर लांब-रुंद चौकोनात चूड किती येतात ते मोजून आणा.

आठवड्याभरात वह्या परत आल्या त्या चिखलाच्या डागांसकट. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत १५ आणि २५ सेंटिमीटर अशी अंतरे आलटून पालटून ठेवतात आणि एका ठिकाणी दोन-तीनच रोपे लावतात. डॉ. ना. कृ. सावंत यांनी रुजवलेल्या या पद्धतीत चौरस मीटरला २५ चूड बसतात, म्हणजे गुंठ्याला साधारण अडीच हजार. मुलांच्या घरच्या शेतात चौरस मीटरला कुठे १८ तर कुठे ४० भरले. चुडातल्या रोपांची संख्याही चारपासून दहापर्यंत होती. एका मुलाने स्वतःहून सांख्यिकीच्या पाठातली वारंवारता सारणी काढली. तो पाठ आम्ही अजून शिकवलेला नव्हता. त्याच्या मोठ्या बहिणीने त्याला दाखवला होता. त्याने वर्गात उभे राहून सांगितले, "दाट लावलं की बी जास्त लागतंय, आणि फुटवे कमी येतात." फुटव्यांचे त्याला आजोबांनी सांगितले होते, बियाण्याचा हिशेब त्याचा स्वतःचा होता. वर्गात सहसा शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा त्या दिवशी फळ्यापाशी उभा होता.

भाताचा विषय दुसऱ्या सत्रात पुन्हा आला, तो अर्थनियोजनाच्या पाठात. या भागात इंद्रायणीची लागवड मोठी आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेले हे वाण १९८७ साली आले आणि आता ते इतके आपले झाले आहे की मुलांना ते जुनेच वाटते. आम्ही घरच्या एका खाचराचा जमाखर्च मांडायला सांगितला. नांगरट, बियाणे, खत, औषध, मळणी, भरडाई, सगळे आले. भात भरडला की त्याचे साधारण दोन तृतीयांश तांदूळ हातात येतात, हे गुणोत्तर मुलांनी गिरणीवर उभे राहून वजन करून पडताळले. पुस्तकातल्या प्राप्तिकराच्या उदाहरणांपेक्षा हा हिशेब किचकट होता, कारण इथे आकडे कुणी तयार करून दिलेले नव्हते.

त्यात एका मुलीने विचारले, "बाई, आईची आवणी कुठल्या रकान्यात लिहू?" वर्ग थोडा वेळ गप्प होता. कुणी म्हणाले, आई आपलीच आहे, तिला कुठे मजुरी देतो? दुसऱ्याने उत्तर दिले, पण इर्जिकीला, कामाच्या बदल्यात कामाला, दुसऱ्याच्या रानात जाते तेव्हा ती मजुरीच फेडते ना. चर्चा बरीच लांबली. शेवटी प्रत्येकाने दोन हिशेब मांडायचे ठरले. एक घरच्या माणसांची मजुरी धरून, एक न धरता. धरून मांडलेल्या हिशेबांत बहुतेकांचे खाचर तोट्यात गेले. मुलांनी ते आकडे घरी दाखवले. एका वडिलांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "बाई, मग भात लावायचं बंद करायचं का?" मी म्हणाले, हे ठरवणे तुमचे, पण मुलीने मांडलेला हिशेब बरोबर आहे. ते बराच वेळ उभे राहिले आणि आपल्या खताच्या खर्चाबद्दल बोलत राहिले. पालकसभेला कधीही न आलेला हा माणूस त्या दिवशी माझ्याशी गणितावर बोलत होता.

भूमितीतला त्रिकोणमितीचा पाठ ऑक्टोबरात आला, पाऊस उघडल्यावर. वर्गातून तोरण्याचा लांबलचक माथा स्पष्ट दिसतो. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला नट बांधून कोन मोजायचे साधन तयार केले आणि आधी पाण्याच्या टाकीवर हात बसवला. २० मीटर अंतरावरून ३१ अंशांचा कोन, टॅन ३१ म्हणजे ०.६०, म्हणून डोळ्यांच्या रेषेच्या वर टाकी १२ मीटर. वर चढून दोरी सोडून पाहिले आणि उत्तर जमले. मग मुलांना गडच मोजायचा होता.

दोन ठिकाणांहून कोन घेऊन उंची काढता येते, हे एका हुशार मुलीने दहावीच्या पुस्तकात पाहिले होते. मैदानावर २०० मीटर अंतरावर दोन जागा ठरल्या. दोन्हीकडून कोन सारखाच आला. पुन्हा मोजले, पुन्हा सारखाच. गड साधारण १० किलोमीटर लांब असताना २०० मीटर पुढे सरकून कोनात पडणारा फरक अंशाच्या दहाव्या भागाएवढाही नसतो, आणि आमच्या कोनमापकावर अर्ध्या अंशाच्या खालचे काही वाचता येत नाही. ही रीत चुकीची नव्हती, ती या साधनाला झेपणारी नव्हती. मुलांनीच दुसरा मार्ग काढला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर असे प्रमाण असते. त्यावर पट्टी ठेवून अंतर मोजले आणि एकाच कोनावरून उंची काढली. साडेतीन अंश वाचणाऱ्या गटाला गड ६१२ मीटर मिळाला, चार अंशवाल्यांना ६९९ आणि साडेचारवाल्यांना ७८७. तोरण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १,४०३ मीटर. मोबाइलने शाळेची उंची ६८० दाखवली, म्हणजे खरे उत्तर ७२३ च्या आसपास हवे. कुणाचेच उत्तर बिनचूक नव्हते. अर्ध्या अंशाने उंचीत ८७-८८ मीटरांचा फरक पडतो, हे त्यांनी स्वतःच्या आकड्यांतून पाहिले. शिवाजीमहाराजांच्या काळात हे डोंगर हेरणाऱ्यांनी काय करून अंतरे बांधली असतील, असे एकाने विचारले. त्यावर इतिहासाच्या सरांनी पुढचा आख्खा तास दिला.

नववीचा इतिहास शिवकालाचा नाही. तो स्वातंत्र्यानंतरचा, मुख्यतः १९६० नंतरच्या भारताचा आहे. राजगड-तोरण्याच्या मुलांना त्यात सुरुवातीला रस वाटत नाही. कान्होजी जेधे, बाजी पासलकर, येसाजी कंक, बाजीप्रभू ही सगळी याच मावळांतली माणसे, आणि पुस्तकात मात्र दिल्लीची सरकारे. सरांनी 'इतिहासाची साधने' या पहिल्याच पाठापासून मुलांना घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवले. मौखिक साधन म्हणजे काय, हे समजावून सांगण्यापेक्षा ते करून पाहणे सोपे होते.

त्यातून सगळ्यांत जास्त जे आले ते पानशेतचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला, हे राज्यभर सर्वांना ठाऊक आहे. पुण्याच्या आठवणीत त्या दिवसाचे पाणी आहे. धरण मात्र वेल्ह्याच्या डोंगरांत आहे आणि त्याच्या मागच्या गावांच्या आठवणी वेगळ्या आहेत. मुलांनी लिहून आणलेल्या मुलाखतींत पुराआधीच्या गोष्टी होत्या, पाण्याखाली गेलेल्या शेतांच्या, सोडलेल्या घरांच्या, दौंडकडे पुनर्वसनाला गेलेल्या चुलत्यांच्या. मोसे खोऱ्यात पुढे वरसगावचे धरण झाले. त्याच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे आणि ज्या खोऱ्याने त्यांना घडवले त्यातली गावे त्या पाण्याखाली आहेत. मुलांना हे कुठल्याही पुस्तकातून मिळाले नव्हते. कुणाचे आजोबा पुण्याच्या बाजारात हमाली करायचे, कुणाचे मुंबईत माथाडी होते. १९६९ च्या माथाडी कायद्याचे महत्त्व त्या मुलांना एका ओळीत समजले, कारण घरात त्या कायद्यामुळे मिळालेल्या पैशांतून बांधलेली भिंत होती.

डिसेंबरात सहल भोरला नेली. लांबच्या सहलीचा आग्रह होता, पण आम्ही जवळचीच धरली. राजवाडा पाहिला, १९४८ मध्ये विलीन झालेल्या संस्थानाची गोष्ट ऐकली, अंबवड्याच्या झुलत्या पुलावर उभे राहून बले आणि ताण यांची उजळणी केली. भाटघरला जास्त वेळ घालवला. १९२८ साली पुरे झालेले हे धरण वेळवंडी नदीवर आहे आणि त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटणच्या उसापर्यंत पोचते. मागच्या बाजूच्या गावांत उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते, आणि पाणी ओसरले की वेळवंडकडचे कांबरेश्वराचे देऊळ बाहेर येते. हे धरण व्हायला नको होते, असे आम्ही मुलांना सांगितले नाही. धरणाने कुणाचे काय झाले हे दोन रकान्यांत लिहा, एवढेच सांगितले. एका मुलीने तिसरा रकाना वाढवला आणि त्यावर लिहिले, 'अजून विचारायचे आहे.'

विज्ञानातले सगळेच पाठ असे खोऱ्याला बांधता येत नाहीत, आणि बांधायचा हट्टही धरू नये. गतीचे नियम, विद्युतधारा, कार्बनची संयुगे हे फळ्यावर आणि प्रयोगशाळेतच शिकवले. पण हिरड्याची शाई मात्र मुलांच्या लक्षात राहिली. सुकलेल्या हिरड्यांची पूड पाण्यात उकळून गाळली, दुसरीकडे लिंबाच्या रसात गंजलेले खिळे ठेवले आणि दोन्ही एकत्र केल्यावर पाणी डोळ्यांसमोर काळे झाले. हिरड्यातले टॅनिन आणि लोह यांचे संयुग तयार होते, ते काळे असते. बोरूने त्या शाईने प्रत्येकाने आपले नाव लिहिले. परिसंस्थेच्या पाठाला जवळच्या देवराईत गेलो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यामुळे या जागा शास्त्राच्या नकाशावर आल्या. आमच्या मुलांनी दहा-दहा मीटरचे दोन चौकोन आखले, एक देवराईत आणि एक बाहेरच्या माळावर, आणि दोन्हींतल्या झाडांच्या जाती मोजल्या. झाडांची नावे मला जितकी आली त्याहून कितीतरी जास्त गुराख्याच्या मुलाला आली. ती सगळी त्यानेच सांगितली आणि मी लिहून घेतली.

इंग्रजीबद्दल थोडेच सांगते. शनिवार-रविवारी राजगड-तोरण्यावर पुण्या-मुंबईचे ट्रेकर येतात आणि पायथ्याच्या कितीतरी घरांत त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी होते. मुलांनी आपापल्या घरासाठी जेवणाची पाटी इंग्रजीत लिहिली, दर, वेळ आणि वाटेत कचरा टाकू नका ही विनंती. इंग्रजीत न बोलणाऱ्या मुलांनीही ती पाटी शुद्ध लिहिली, कारण ती दारावर लागणार होती.

मराठीच्या मॅडमनी केलेले काम मला सर्वांत मोठे वाटते. 'पावसाळ्यातील एक दिवस' असा निबंध दिला की गाइडमधला मोर नाचतो, सरी बरसतात, सृष्टी हिरवा शालू नेसते. आमच्या रानात मुलांनी मोर पाहिलेला असतो, तरी निबंधातला मोर गाइडचाच असतो. मॅडमनी नियम केला, की निबंधात तुम्ही स्वतः पाहिलेली, तारीख-वेळ सांगता येईल अशीच गोष्ट लिहायची. पहिले निबंध चार ओळींचे आले. पुढे ते वाढले. पर्जन्यमापकाच्या नोंदी, शेतावरचे आकडे, आजीची मुलाखत हे सगळे मराठीच्या वहीत वाक्ये होऊन उतरू लागले. एका मुलीने आवणीच्या दिवशी आईच्या पायांच्या बोटांत होणाऱ्या चिखल्यांवर दीड पान लिहिले होते. तेवढे नेमके गद्य मी मासिकांतही क्वचित वाचले आहे.

दिवाळीनंतर कातकरी वस्तीवरचा एक मुलगा आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेला आणि परत आला नाही. पावसाच्या नोंदी त्याने एकही दिवस न चुकवता ठेवल्या होत्या आणि भागाकार त्याला वर्गात सर्वांत चांगला यायचा. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, भट्टीजवळच्या शाळेत त्यांना बसता येते. पण शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत लागू आहे. नववीतला मुलगा त्याच्या बाहेर पडतो. आम्ही त्याच्या घरी गेलो, फोन केले, भट्टीचा पत्ता मिळवला. तिथून तो दुसऱ्या भट्टीवर गेल्याचे समजले. या वर्षाबद्दल समाधानाने लिहिताना हे वगळले, तर लिहिलेले सगळे खोटे ठरेल.

गुण वाढले का, असे मला पुष्कळांनी विचारले. काहींचे वाढले, काहींचे होते तेवढेच राहिले. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका जुन्याच पद्धतीची होती आणि तिच्यात समघनी नकाशाची व्याख्या दोन गुणांना विचारली होती. आमच्या मुलांनी ती लिहिली. माझ्या दृष्टीने फरक वेगळ्या ठिकाणी पडला. जूनमध्ये उत्तर चुकेल म्हणून गप्प बसणारी मुले मार्चमध्ये 'आकडा कुठून आला' असे विचारत होती. माझ्या फळ्यावरच्या आकड्यालाही त्यांनी हा प्रश्न विचारला, आणि तो विचारायची हिंमत त्यांना आली हा मी त्या वर्षाचा निकाल मानते.

डोंगरी तालुक्यांत नववीला शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांकडून पर्जन्यमापक करून घ्या. त्याला खर्च नाही, परवानगी लागत नाही, आणि भूगोल, गणित, जलसुरक्षा, मराठी असे चार विषय त्या एका बाटलीत बसतात. जुलैत मुले शेतावर गेली तर त्यांना शिक्षा करू नका, मोजायला पट्टी द्या. दिवाळीनंतर कुणी भट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणार असेल, तर त्याचा पुढच्या शाळेचा दाखला तो निघण्याआधीच त्याच्या हातात पडेल असे बघा. आमच्या वर्गाच्या नोंदवह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. नवी नववी त्यात यंदाच्या पावसाचे आकडे पुढे लिहीत आहे.